भूकंपाची मुले आणि नळदुर्गचे ‘आपलं घर’

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग येथे राष्ट्र सेवा दलाने ‘आपलं घर’ हा प्रकल्प सुरू केला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आईवडील गमावलेल्या मुलांसाठी, आणि त्याच्या उभारणीत समाजवादी चळवळीतील ज्येष्ठ कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांचा पुढाकार होता. अनाथ मुलांना आसरा देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात त्याआधीही होत्या. परंतु एका रात्रीत आणि एकाच कारणाने पोरकी झालेली मुले एका छपराखाली आली की संस्थेपुढे जेवणखाण, कपडे, पाटी-पुस्तक यांच्या पलीकडचा एक प्रश्न उभा राहतो. जे घडले ते या मुलांना कसे सांगावे, किती सांगावे, आणि ती मोठी होऊन निघून गेल्यावर त्यांच्या जागी येणाऱ्या, भूकंप न पाहिलेल्या मुलांना ते का सांगावे, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात संस्थेचा इतिहास मुख्यतः या प्रश्नाच्या अंगाने मांडला आहे.

भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास झाला. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. ६.२ तीव्रतेच्या या धक्क्याचे केंद्र लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ असले, तरी तेरणेच्या खोऱ्यातील नुकसानीने जिल्ह्याची हद्द पाळली नाही आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे किल्लारीइतकीच उद्ध्वस्त झाली. सास्तूर परिसर त्या वेळी उमरगा तालुक्यात होता. लोहारा हा स्वतंत्र तालुका पुढे झाला. अधिकृत नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे १६,००० जखमी झाली आणि दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधूनच वेगळा झाला होता, त्यामुळे दोन्हीकडची सोयरीक, बाजार आणि शेतीचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले होते; एका गावात घर पडले तर दुसऱ्या जिल्ह्यातील माहेरी सुतक लागले. ‘लातूरचा भूकंप’ हे नाव रूढ झाल्यामुळे धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याचे दुःख बाहेरच्या वाचकाच्या लक्षात सहसा येत नाही, ही या भागातील जुनी आणि रास्त तक्रार आहे.

एवढी माणसे का दगावली, याचे उत्तर जमिनीच्या हालचालीपेक्षा घरांच्या बांधणीत अधिक सापडते. या भागातील बहुसंख्य घरे माळवदाची होती. माळवद म्हणजे लाकडी तुळया व दांड्या आडव्या टाकून, त्यावर फळ्या किंवा काटक्यांचा थर देऊन, वर जाड मातीचा लेप चढवलेले सपाट छप्पर. उन्हाळ्यात ते थंड राहते, त्यावर धान्य वाळते, रात्री माणसे झोपतात. या हवामानात त्याहून सोयीचे छप्पर नाही. मात्र पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी दरवर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो, जुना सहसा काढला जात नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या छपराचे ओझे वाढत जाते. खालच्या भिंती दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही रुंद असल्या तरी त्या अखंड नसत: बाहेरच्या बाजूला घडीव दगडांचा एक पदर, आतल्या बाजूला दुसरा, मध्ये चिपा व माती, आणि दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड क्वचितच घातलेले. सिमेंट किंवा चुन्याऐवजी जोडणी मातीची होती. धक्का बसताच हे दोन पदर एकमेकांपासून फुटून बाहेर-आत कोसळले आणि वरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. गावातील सर्वांत भक्कम म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाई ते जुने वाडे या कारणाने अधिक घातक ठरले, तर कुडाच्या किंवा पत्र्याच्या घरात राहणारी गरीब कुटुंबे अनेक ठिकाणी बचावली.

१९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती आणि लोक घाबरलेही होते, परंतु तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या, क्षेत्रात दाखवलेला होता; दख्खनच्या काळ्या कातळाखाली काही हलणार नाही असा सार्वत्रिक समज होता. हे क्षेत्र तिसऱ्या श्रेणीत गेले ते २००२ मध्ये, भूकंपानंतर नऊ वर्षांनी.

मदतीचा ओघ देशभरातून आला. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, पत्र्याच्या शेडमध्ये काढलेल्या काळानंतर नवी गावे उभी राहिली, आणि १३ जिल्ह्यांत सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचे काम झाले. या सर्वांत मुलांचा प्रश्न वेगळा होता, कारण घराचे क्षेत्रफळ ठरवता येते तसे पालकत्व ठरवता येत नाही. काही मुलांना आजी-आजोबांनी, मामांनी किंवा चुलत्यांनी जवळ केले. ज्यांना कोणी उरले नव्हते, किंवा उरलेल्यांची पोसण्याची ऐपत नव्हती, त्यांच्यासाठी दोन वाटा निघाल्या. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली आणि पुढे वाघोली येथे त्यांच्या निवासाची व शिक्षणाची कायमची व्यवस्था उभी केली. त्या केंद्राने नंतर इतर आपद्‌ग्रस्त भागांतील मुलांनाही आधार दिला. दुसरी वाट नळदुर्गची. राष्ट्र सेवा दलाने मुलांना मोठ्या शहरात न नेता त्यांच्याच जिल्ह्यात, त्यांच्याच बोलीच्या व भाकरीच्या प्रदेशात ठेवण्याचे ठरवले.

दोन्ही वाटांची तुलना करताना एकीला थोर आणि दुसरीला उणी ठरवण्याचे कारण नाही. पुण्यात शिक्षणाच्या संधी अधिक होत्या, आणि पडलेल्या घरापासून दूर गेल्याने मुलाच्या मनावरचा ताण कमी होतो असे मानणाऱ्यांकडेही सबळ कारणे होती. तथापि जिल्ह्यातच राहण्याचा एक परिणाम असा, की मूल सुटीत चुलत्याकडे किंवा आत्याकडे जाऊ शकते, बापाच्या नावावर असलेल्या शेताचा बांध कोण कोरतो आहे हे त्याच्या कानावर येते, नवे गाव कसे वसते आहे हे ते पाहते, आणि मोठे झाल्यावर त्याला ‘परत’ यावे लागत नाही. अनाथ मुलांच्या नावावरील जमीन व नुकसानभरपाई ही त्या काळात नातेवाइकांतील तंट्याची एक मोठी बाब होती, आणि मूल दूर असले की त्याचा हक्क पातळ होत जातो हे खेड्यातील कोणीही सांगेल. स्मरण आणि सेवा यांची सांगड घालायची तर ज्या भूमीचे स्मरण करायचे ती भूमी आवाक्यात असावी लागते. नळदुर्गची निवड भावनेपेक्षा या व्यवहाराच्या कसोटीवर अधिक टिकते.

नळदुर्ग हे गाव सोलापूर–हैदराबाद महामार्गावर आहे. बोरी नदीवरील भुईकोट किल्ला आणि बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल यांमुळे ते पर्यटकांना माहीत आहे. निजामी राजवटीत एके काळी हा सारा जिल्हाच नळदुर्गच्या नावाने ओळखला जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या तेव्हा सोलापूरच्या बाजूने त्यांचे पहिले मोठे ठाणे नळदुर्गच होते. महामार्गामुळे उमरगा-लोहाऱ्याकडील गावांशी त्याचा संबंध सोपा, आणि सोलापूरसारखे मोठे शहर, तेथील रुग्णालये व बाजारपेठ तासाभराच्या अंतरावर. जवळच अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनचे ग्रामीण आरोग्याचे काम याच कालखंडात उभे केले, ज्यात गावातल्याच स्त्रीला प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून आरोग्यसेवेची जबाबदारी देण्याची पद्धत पुढे आली.

‘आपलं घर’ कोणत्या विचारातून चालले हे समजण्यासाठी राष्ट्र सेवा दलाची पार्श्वभूमी थोडक्यात पाहावी लागते. ४ जून १९४१ रोजी पुण्यात दलाची नव्याने बांधणी झाली, एस. एम. जोशी हे पहिले दलप्रमुख होते आणि साने गुरुजी हे त्याचे स्फूर्तिस्थान. दलाची मूळ घडण ‘शाखा’ या रोजच्या एकत्र येण्यावर आहे, ज्यात मुलगे व मुली, सर्व जातिधर्मांची, खेळतात, कवायत करतात, समूहगीते म्हणतात आणि ‘बौद्धिक’, म्हणजे एखाद्या सार्वजनिक विषयावरील सोपे व्याख्यान, ऐकतात. त्याला ‘श्रमदान’, म्हणजे रस्ता, विहीर, बांध, सफाई अशा सार्वजनिक कामासाठी बिनमोबदला केलेले अंगमेहनतीचे काम, आणि दुष्काळ, पूर, साथ अशा प्रसंगी गावोगाव जाणारी ‘सेवापथके’ यांची जोड आहे. येथे ‘सेवा’ या शब्दाला दानाचा अर्थ नाही. देणारा वर आणि घेणारा खाली ही रचना दलाच्या विचाराला मुळातच मान्य नाही, आणि भूकंपात मदत ‘घेणारी’ म्हणून ज्यांची नोंद झाली त्या मुलांच्या बाबतीत हा भेद अत्यंत मोलाचा होता. १९९३ नंतरच्या काही महिन्यांत या भागात कपड्यांचे ढीग, बिस्किटांचे पुडे आणि कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली होती. फोटोसाठी उभे राहण्याची सवय लागलेल्या मुलाला पुन्हा झाडू, खुरपे आणि वही हातात धरायला लावणे हे पुनर्वसनाचे पहिले पाऊल होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

भूकंप स्वतः भोगलेल्या मुलांना भूकंपाविषयी ‘शिकवण्याचे’ काही नव्हते. त्यांना त्याच्यासह जगायला मदत करायची होती. अशा घरात पुस्तक निवडण्याचा साधा प्रश्नही अवघड होतो. सेवा दलाच्या संस्कारात ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे स्थान मध्यवर्ती आहे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, आणि त्यातील श्याम आपल्या आईच्या आठवणी सायंप्रार्थनेनंतर एकेका रात्री सोबत्यांना सांगतो अशी त्याची रचना आहे. ज्या मुलांच्या आया एकाच रात्री गेल्या त्यांच्यापुढे हे पुस्तक वाचणे म्हणजे जखमेवर हात ठेवणे. पण त्याच पुस्तकात स्मरणाचा एक वस्तुपाठही आहे, कारण श्याम आईच्या मृत्यूपाशी अडकून न राहता तिने काय शिकवले ते एकेक प्रसंगाने सांगत जातो, आणि ऐकणारे सोबती त्याचे दुःख ऐकून घेऊन आपापल्या कामाला लागतात. रोजची ठरलेली वेळ, प्रार्थना, सोबत्यांचे वर्तुळ आणि सांगण्याची मुभा, सक्ती नव्हे, या चार गोष्टी मानसोपचाराची परिभाषा खेड्यात पोहोचण्याआधी निवासी संस्थांच्या हाती होत्या, आणि शाखेच्या दिनक्रमात त्या आयत्या मिळत होत्या.

पुढचा टप्पा काळाच्या हिशेबानेच आला. १९९३ मध्ये पहिलीत असलेले मूल २००३ मध्ये दहावीला बसले; तान्हे वाचलेले मूलही २०११ च्या सुमारास अठरा वर्षांचे झाले. म्हणजे भूकंपातील अनाथांसाठी काढलेल्या कोणत्याही घराला दोन दशकांच्या आत एकतर बंद व्हावे लागते, नाहीतर आपली दारे दुसऱ्यांसाठी उघडावी लागतात. ‘आपलं घर’ने दुसरा मार्ग धरला आणि अन्य कारणांनी निराधार झालेल्या मुलांना सामावून घेतले. मराठवाड्यात अशा मुलांची वाण कधीच नव्हती: कर्जबाजारीपणातून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले, एकट्या आईची मुले. भूकंपाचे दुःख देशाने वाटून घेतले होते, त्याच्यासाठी परदेशातूनही पैसा आला. कोरडवाहू शेतीतल्या बापाच्या मृत्यूवर मात्र दोन मिनिटांची शांतता कोणी पाळत नाही. एका संकटाच्या आठवणीवर उभ्या राहिलेल्या संस्थेने दुसऱ्या, रोज घडणाऱ्या आणि म्हणून बातमी न होणाऱ्या संकटातील मुलांना जागा दिली, हा या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानावा लागेल.

या नव्या मुलांसाठी भूकंप हा इतिहास आहे, आणि येथे संस्थेचा प्रश्न जिल्ह्यातील प्रत्येक शाळेच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. महाराष्ट्रातील शाळांत दिवसाची सुरुवात ‘परिपाठा’ने होते: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बातम्या, बोधकथा आणि ‘दिनविशेष’. धाराशिव जिल्ह्यात सप्टेंबर महिन्याच्या दिनविशेषात तेरा दिवसांच्या अंतराने दोन तारखा येतात. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी झेंडावंदन, प्रभातफेरी, भाषणे, स्वातंत्र्यसैनिकांचे स्मरण असा भरगच्च कार्यक्रम असतो. ३० सप्टेंबरला श्रद्धांजली आणि दोन मिनिटे स्तब्धता. पहिल्या दिवसाला गोष्ट आहे, नायक आहेत, शेवट गोड आहे. दुसऱ्याला यांपैकी काहीच नाही, आणि मुलाला काहीही न सांगता केवळ उभे केले तर ते पायाचा अंगठा मातीत फिरवत दोन मिनिटे संपण्याची वाट पाहते. यात मुलाचा दोष नाही. शिक्षकांचीही आता अशी पिढी नोकरीत आली आहे जिचा जन्म भूकंपानंतरचा आहे, आणि त्यांनाही हे ऐकूनच माहीत.

पाठ्यपुस्तकांनी यावर ‘आपत्ती व्यवस्थापन’ या नावाने उत्तर शोधले. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातही आता या विषयाचे स्वतंत्र प्रकरण आहे. भूकंप होताच मजबूत टेबलाखाली बसावे, लिफ्ट वापरू नये, अशा सूचना मुलांना पाठ असतात. त्या चुकीच्या नाहीत. परंतु ज्या गावात लिफ्ट नाही आणि वर्गात टेबल फक्त गुरुजींचे आहे, तेथे त्या गुणांपुरत्या उरतात. धाराशिवच्या मुलाला शिकवण्यासारखे त्याहून पुष्कळ जवळचे साहित्य आहे. आजोबांच्या बोलण्यात सालाची खूण ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशी येते, तेथून इतिहासाचा पाठ सुरू होतो. नव्या गावातील घरे तीन मापांची का, या प्रश्नातून नागरिकशास्त्र निघते: पुनर्वसनात भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्यावरच्यांना ७५० चौरस फूट असे घर ठरले होते, म्हणजे भूकंपाने पाडलेली विषमता आराखड्याने पुन्हा मोजून बांधली. हा निर्णय योग्य होता की नव्हता यावर नववीतील मुले वाद घालू शकतात, आणि घालावाही. गवंड्याला वर्गात बोलावून भिंतीत आरपार दगड का घालायचा, दाराखिडक्यांच्या वर सलग पट्टी का ओतायची हे विचारले, तर विज्ञानाचा तास होतो. आणि आपल्या गल्लीतील माळवदांवर किती थर चढले आहेत याची पाहणी करून घरमालकाला सांगणे, ही तर सेवाच झाली.

आपत्तीचे स्मरण शिक्षणात मुरवण्याचे प्रयत्न इतरत्रही झाले आहेत. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमधील कोबे शहर हादरले आणि ६,४३४ माणसे गेली. त्याच परिसरातील माइको हायस्कूलने २००२ मध्ये पर्यावरण व आपत्ती निवारण असा स्वतंत्र अभ्यासक्रमच सुरू केला, ज्यात वाचलेल्यांच्या मुलाखतींपासून प्रत्यक्ष स्वयंसेवेपर्यंतचा भाग येतो. भारतात गुजरातमधील अंजार येथे २६ जानेवारी २००१ रोजी प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत ढिगाऱ्याखाली गेली. पावणेदोनशेहून अधिक मुले आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक दगावले. त्यांचे ‘वीर बालक स्मारक’ २०२२ मध्ये खुले झाले, त्याच वेळी भुजचे ‘स्मृतिवन’ही. तेरणाकाठी किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे आणि तेथे दरवर्षी ३० सप्टेंबरला मानवंदना दिली जाते, परंतु शाळेची सहल तेथे नेऊन दिवसभर काही दाखवावे, समजावून सांगावे अशी कच्छसारखी व्यवस्था धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीत नाही. ती उभी राहिली तर त्यात दगड-मातीच्या एका भिंतीचा उभा छेद जरूर असावा. मुलांना त्याहून अधिक बोलके दुसरे काही दाखवता येणार नाही.

मात्र स्मारकाविना झालेली एक गोष्ट या जिल्ह्याने देशाला दाखवली आहे. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली तेव्हा गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून, म्हणजे शासन आणि घरमालक यांच्यातील दुवा म्हणून, पुढे आल्या. सिमेंटचे प्रमाण, सळईची जाडी, अनुदानाचा हप्ता हे सारे त्यांनी शिकून घेतले. २००१ मध्ये कच्छ उद्ध्वस्त झाल्यावर लातूर-उस्मानाबादच्या याच बायका गुजरातला गेल्या. भाषा वेगळी, वेश वेगळा, पण पत्र्याच्या शेडमध्ये पहिला पावसाळा कसा काढायचा आणि तलाठ्याला काय विचारायचे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? घेणाऱ्यांनी देणारे होण्याची जी अपेक्षा सेवा दलाच्या शाखेत मुलांपुढे मांडली जाते, तिचे मोठ्या माणसांनी घालून दिलेले उदाहरण घरच्या अंगणात उपलब्ध आहे. ते अजून कोणत्याही पाठ्यपुस्तकात आलेले नाही.

निराधार मुलांच्या निवासी संस्थांना आता २०१५ चा बालन्याय कायदा लागू आहे आणि मूल कोठे ठेवायचे हे बालकल्याण समिती ठरवते, त्यामुळे ‘भूकंपग्रस्त’ हा शेरा प्रवेशाच्या कागदांवर यापुढे येण्याचा संभव नाही. नळदुर्गच्या घरात आज जे मूल येते त्याच्यापुढे ३० सप्टेंबरची हकिकत मांडायची ती त्याचे स्वतःचे दुःख म्हणून नव्हे, तर ज्या छपराखाली ते झोपते ते छप्पर कोणासाठी बांधले गेले याचा वृत्तांत म्हणून.